पारा चाळिशीच्या खाली, म्हणजे उष्माघात नाही?

‘चाळीस अंशांच्या आत उष्माघात होत नाही’ हा समज किनारपट्टीवर विशेष घातक ठरतो. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. नुसता घाम निथळून उपयोग नाही. हवा दमट असली की घाम वाळत नाही.

थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला की दिसते ते ओले तापमान; ते जितके जास्त, तितके घामाने अंग थंड होणे अवघड. कोरड्या प्रदेशात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ते सुमारे २२ भरते; किनाऱ्यावर ३४ अंश आणि ७५ टक्क्यांना थेट ३०! हवामान तापते तशी हवेत बाष्प धरण्याची क्षमता अंशामागे सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे दमट प्रदेशांत हा आकडा आणखी चढतो.

उष्माघात ओळखायला त्वचा कोरडी पडण्याची वाट पाहू नका. कष्टाचे काम करताना झालेल्या उष्माघातात घाम चालूच असतो. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, की लगेच रुग्णवाहिका बोलवा, सावलीत नेऊन अंगभर गार पाणी ओता, वारा घाला. पॅरासिटामॉल इथे निरुपयोगी. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाते.