रक्षक आणि शिकारी: एकाच वर्षी आलेल्या दोन झपाटलेल्या कथा

२०२० सालच्या मे महिन्यात सुझॅन कॉलिन्स यांची ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टेफनी मेयर यांची ‘मिडनाइट सन’ प्रसिद्ध झाली. पहिली ‘हंगर गेम्स’ मालिकेच्या चौसष्ट वर्षे आधीचा काळ सांगते, तर दुसरी ‘ट्वायलाइट’चीच हकिगत नायकाच्या तोंडून पुन्हा सांगते. दोन्हींमध्ये आपण एका तरुणाच्या मनात वावरतो, एका मुलीने त्याला पुरते झपाटलेले असते आणि त्या मुलीच्या जिवाला धोका असतो. प्रेम, ध्यास आणि जीव वाचवण्याची धडपड या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असलेल्या वाचकाला या दोन यंग ॲडल्ट (म्हणजे किशोर व तरुण वाचकांसाठीच्या) कादंबऱ्या एका दमात सुचवल्या जातात, यात नवल नाही. मला दोन्ही मनापासून आवडतात. मात्र त्यांतून मिळणारा आनंद एका जातीचा नाही. (पुढे दोन्हींचे शेवट उघड केले आहेत.)

‘मिडनाइट सन’मधला एडवर्ड कलन हा व्हॅम्पायर आहे. त्याला इतरांच्या मनातले ऐकू येते, फक्त बेला स्वानचे मन त्याच्यासाठी बंद असते. शाळेतल्या पहिल्याच दिवशी तिच्या रक्ताच्या वासाने तो इतका बेभान होतो की भर वर्गात तिला आणि तिच्यासोबत साऱ्या साक्षीदारांना कसे संपवता येईल याचा तो थंडपणे हिशेब मांडतो. म्हणजे कथेच्या सुरुवातीला बेलाच्या जिवाला असलेला सर्वांत मोठा धोका खुद्द नायकच आहे, आणि साडेसहाशेहून अधिक पानांचा सारा प्रवास या शिकाऱ्याचा रक्षक होण्याचा आहे. तिला काय वाटते हे आयते कळत नसल्यामुळे तो तिला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, उत्तरे मनात जपून ठेवतो, त्यांवर पुन्हा पुन्हा विचार करतो. हे कुतूहल मला या पुस्तकाचा सर्वांत सुंदर भाग वाटते.

पण हाच एडवर्ड रात्री तिच्या नकळत तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे पाहत राहतो. इतरांच्या मनांत डोकावून तिच्यावर नजरही ठेवतो. आपण चुकतो आहोत हे त्याला कळते, तो स्वतःला ग्रीक पुराणकथेत पर्सेफनी या देवकन्येला पाताळात नेणाऱ्या हेडीस या पाताळदेवाच्या जागी पाहतो, आणि मुखपृष्ठावरचे डाळिंबही त्याच कथेतून आले आहे. तरीही कथेची रचना त्याच्या बाजूने झुकलेली आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. पोर्ट एंजेलिसमध्ये बेलाला गुंड घेरतात तेव्हा त्याची पाळतच तिला वाचवते, जेम्स नावाचा व्हॅम्पायर तिच्या मागे लागतो तेव्हाही त्याची भीती खरी ठरते. पाळत ठेवणाऱ्याला घटनांनी सतत बरोबर ठरवले की वाचकाच्या मनातला आक्षेप आपोआप मावळतो.

कॉलिन्स यांनी नेमकी उलट वाट धरली आहे. अठरा वर्षांचा कॉरिओलेनस स्नो पहिल्या पानावर कोबी शिजवत असतो, कारण युद्धात सारे गमावलेल्या त्याच्या प्रतिष्ठित घराण्याकडे आता दुसरे काही उरलेले नाही. पॅनेम या काल्पनिक देशात दरवर्षी किशोरवयीन मुलामुलींना एकमेकांशी मरेपर्यंत लढवले जाते, त्या खेळाला हंगर गेम्स म्हणतात. दहाव्या हंगर गेम्समध्ये डिस्ट्रिक्ट १२ या प्रांताच्या ल्यूसी ग्रे बेअर्ड या गाणाऱ्या मुलीचा मार्गदर्शक म्हणून त्याची नेमणूक होते. ती जिंकली तर त्याच्या विद्यापीठीय शिक्षणाची सोय होणार असते, त्यामुळे तिचे जगणे आणि त्याचे भवितव्य पहिल्यापासूनच एकमेकांत गुंतलेले आहे. तो आईची पावडरची डबी तिला देतो आणि ती त्यात उंदराचे विष भरून नेते. खेळाच्या आखाड्यात सोडल्या जाणाऱ्या सापांनी तिला दंश करू नये म्हणून तिचा गंध असलेला रुमाल तो त्यांच्या टाकीत टाकतो. हे सारे वाचताना तो तिचा रक्षकच भासतो.

मात्र खेळाआधीच्या मुलाखतीत ती आपल्या जुन्या प्रियकरावरचे गाणे गाते, तेव्हा काय घडते ते बारकाईने पाहावे. ही मुलगी लवकरच मरण्याची शक्यता दाट आहे, आणि तरीही तो मनात कुढतो तो आपला अपमान झाला म्हणून. ‘माझी मुलगी’ ही भावना त्याच्या विचारांत वारंवार येते, आणि तिचे स्वातंत्र्य, तिचा भूतकाळ, तिच्या मनातले त्याला न कळणारे कोपरे यांचे त्याला कुतूहल वाटत नाही, त्यांची चीड येते. एडवर्डला बेलाच्या मौनाने ओढून घेतले होते, स्नोला ल्यूसी ग्रेचे मौन धमकीसारखे वाटते. अखेरीस तळ्याकाठच्या झोपडीत त्याने केलेल्या खुनाचा पुरावा असलेल्या बंदुका त्याच्या हाती लागतात आणि आपले गुपित जाणणारी ती एकटीच उरली आहे हे त्याच्या ध्यानात येते. ती कंद खणायला जाते, आणि तो बंदूक घेऊन तिला शोधत जंगलात शिरतो. तिचे पुढे काय झाले हे लेखिका सांगत नाही. रक्षकाचा शिकारी झालेला असतो, आणि तोही इतक्या सावकाश, की आपण कोणत्या पानापर्यंत त्याच्या बाजूने होतो हे वाचकाला मागे जाऊन शोधावे लागते.

निवेदनातला फरकही इथे महत्त्वाचा आहे. एडवर्ड ‘मी’ म्हणून बोलतो, स्वतःची निर्भर्त्सना करतो, आणि त्या कबुलीमुळे आपण त्याला माफ करत जातो. स्नोची कथा तृतीयपुरुषी आहे. ती त्याच्या मनाला अगदी चिकटून चालते, पण मध्ये एक बारीक फट ठेवते, आणि त्या फटीतून त्याने स्वतःला दिलेली सबब सबब म्हणून दिसते.

म्हणूनच मूळ मालिका आधी वाचाव्यात असे मी सुचवेन. बेलाचे मन ‘ट्वायलाइट’मध्ये आधीच उघड झालेले असल्याने तिचे प्रेम एकतर्फी नाही, हा दिलासा घेऊन आपण ‘मिडनाइट सन’मध्ये शिरतो. स्नो पुढे पॅनेमचा जुलमी राष्ट्राध्यक्ष होतो हे ठाऊक असेल, तर पहिल्या भागातली त्याची प्रत्येक प्रेमळ कृती सावधपणे वाचली जाते. ते ठाऊक नसलेला वाचक मात्र तीन भागांपैकी दोन भाग ही प्रेमकथाच समजून वाचू शकतो, आणि तिसऱ्या भागात त्याला बसणारा धक्का फार मोठा असतो.