डायनामो गेला, की वाट अडली?

मारुती ओम्नीचं उत्पादन 2019 मध्येच थांबलं, पण दारव्हा-दिग्रस, आर्वी-पुलगाव, मूल-सिंदेवाही अशा रस्त्यांवर ती अजून सवाऱ्या नेते, लग्नात धावते, रात्री-बेरात्री पेशंटला दवाखान्यात पोचवते. या जुन्या व्हॅनचं एक दुखणं म्हणजे चार्जिंग कधी येतं, कधी जातं. त्यावर गावोगाव एकच उत्तर मिळतं: ‘डायनामो गेला भाऊ, बदलून टाका.’ डायनामो म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. डायनामो बदलतात, पैसे जातात आणि आठवडाभरात डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पुन्हा मिणमिणायला लागतो. बिघाड डायनामोत नव्हताच, तो डायनामोपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेत होता.

बॅटरीचं तुम्हाला माहीत आहेच. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 यायला हवेत. बेल्ट ढिला असेल तर पावसात किंवा लाइट लावल्यावर किंचाळतो, ताणून घ्या. हेही सोपंच.

घोळ पुढे होतो. चालू गाडीत बॅटरीवर 12.9 दिसले, तर त्यावरून काहीच ठरत नाही. डायनामो कमी बनवतोय म्हणूनही 12.9 येतील, आणि डायनामो पुरते 14.3 बनवतोय पण वायर, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) किंवा अर्थिंग (मायनसची परतीची वाट) मधेच खातंय म्हणूनही येतील. एका जागी मोजून हे दोन बिघाड वेगळे करता येतच नाहीत. दोन जागी मोजावं लागतं. सीट उचला, मल्टिमीटरची लाल पिन डायनामोच्या जाड वायरच्या नटावर आणि काळी डायनामोच्या बॉडीवर धरा. इथेही 12.9 च असतील तर डायनामोकडे संशय न्या. इथे 14.3 आणि बॅटरीवर 12.9 असतील तर डायनामोला हातही लावू नका.

मात्र हे मोजताना लोड हवा. हेडलाइट अप्परवर, वायपर चालू, इंजिन थोडं रेसवर. बहुतेक लोक इथेच चुकतात. गाडी बंद ठेवून वायरच्या दोन टोकांना मीटर लावायचा, ‘बीप’ वाजला की वायर ठीक म्हणायचं, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. वायरचे सगळे धागे तुटून एकच उरला असला तरी बीप वाजतो, कारण मीटर नावापुरताच करंट सोडतो. गंजलेल्या लगचा अडथळा 0.05 ओहम असेल, तर साधा मीटर तो नीट दाखवणारही नाही. पण त्याच लगमधून 20 अँपियर जायला लागले की तिथेच 1 व्होल्ट गळतो. ठिबकची नळी चोंदली असली तरी व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत प्रेशर पूर्ण दिसतं, पाणी सोडल्यावर कळतं, तसंच हे.

म्हणून व्होल्ट गळतो कुठे ते थेट मोजा. लाल पिन डायनामोच्या नटावर, काळी बॅटरीच्या प्लसवर. लोडवर 0.3 च्या आत असेल तर वायर चांगली. मग एक पिन डायनामोच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. इथे 0.2 च्या वर गेलं की अर्थिंग खराब. पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा, क्लॅम्पवर नको. खुंटी आणि क्लॅम्पच्या मधली पांढरी भुकटीच अनेकदा चोर असते.

माझा पहिला संशय अर्थिंगवरच असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याचा मायनस इंजिनला जोडलेल्या एका अर्थिंगच्या पट्टीवर अवलंबून. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्या पट्टीवर बसतो, लगखाली गंज धरतो. खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क सुटतो, पुढे पुन्हा जुळतो. भरलेल्या बॅटरीवरही सेल्फ जड फिरत असेल, तर हा संशय पक्का. डायनामो बिघडल्याने भरलेल्या बॅटरीवर सेल्फ जड होत नाही.

लग खोला, पॉलिश पेपरने तांबं चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. शंका असेल तर इंजिन ते बॅटरी मायनस अशी जाड वायर नवी टाका.

चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनामो चेक’ करणाऱ्याला तर गाडीजवळ येऊ देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं, डायनामोतले डायोड आणि कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) जळू शकतात, एमपीएफआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या ओम्नीत तर इंजिनचा कंट्रोलरही.

आणखी एक: चंद्रपूरच्या मे महिन्यात तास-दोन तास गाडी चालल्यावर 13.5 दिसले तर घाबरू नका. कटआउट गरम झाला की तो स्वतःच व्होल्टेज उतरवतो.

प्लस आणि मायनस दोन्ही वाटा स्वच्छ, बेल्ट ताणलेला, आणि तरी नटावरच व्होल्टेज पडतंय, तरच डायनामो उतरवा. तेव्हाही आधी ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) बघा. खड्ड्यात चार्जिंग जातं, बॉडीवर हलकं ठोकलं की येतं, असं असेल तर ब्रश झिजलेत. ब्रश आणि कटआउट सुटे मिळतात. अख्खा डायनामो घ्यायची वेळ बेअरिंग, डायोड किंवा वाइंडिंग गेल्यावर.