जुने मॅक व पीसी यांच्यातील घरगुती फाइल-देवाणघेवाण

घरातील जुना मॅकिंटॉश संगणक आणि विंडोजवर चालणारा पीसी एकमेकांना जोडून, नवे यंत्र किंवा विकतचे सॉफ्टवेअर न घेता, दोहोंमधील फाइलींची ने-आण करण्याची पद्धत. जुना मॅक म्हणजे येथे साधारणपणे १९९८ च्या पहिल्या आयमॅकपासून २०१० च्या आसपासच्या इंटेल मॅकपर्यंतची यंत्रे धरली आहेत. ही जोडणी तारेपाशी क्वचितच अडते. बहुधा ती अडते दोन्ही यंत्रांचे प्रोटोकॉल, म्हणजे परस्परांशी बोलण्याचे ठरलेले नियम, वेगवेगळ्या काळातले असल्यामुळे.

खानदेशात मॅक घरोघरी कधीच नव्हता. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार येथे तो आढळतो तो मुख्यतः लग्नपत्रिका, हँडबिले आणि जाहिराती जुळवणाऱ्या डीटीपी (संगणकावरील पानजुळणी) व्यावसायिकांकडे, आणि पुष्कळदा सेकंडहँड. टॅलीतले हिशेब, मुलांचा अभ्यास आणि इंटरनेट मात्र पीसीवर चालते. पुढे दुकान आणि मागे घर अशा रचनेत ही दोन्ही यंत्रे एका छपराखाली येतात, आणि मॅकवर पडून असलेली वर्षानुवर्षांची जुळणी पीसीवर आणण्याची गरज निर्माण होते.

पहिला उपाय म्हणून पेनड्राइव्ह सुचतो, पण जुन्या मॅकच्या बाबतीत तो दिसतो तितका सोयीचा नाही. सुरुवातीच्या आयमॅकमधील यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट आहे, तर त्याच यंत्रातील इथरनेटचा, म्हणजे तारेच्या नेटवर्कचा, वेग १०० मेगाबिट आहे. त्यामुळे सीडीभर, म्हणजे ७०० मेगाबाइट मजकूर तारेने दीड-दोन मिनिटांत जाऊ शकतो, तर पेनड्राइव्हला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. शिवाय फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ गीगाबाइटची एक फाइल मावत नाही, आणि एक्सफॅट ही नवी फॉरमॅट-पद्धत मॅकला मॅक ओएस एक्स या त्याच्या प्रणालीच्या २०१० च्या १०.६.५ आवृत्तीपासूनच कळते. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क मॅक ओएस एक्स १०.३ पासून वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही.

तारेचा खर्च नगण्य असतो. इंटरनेट जोडणीबरोबर आलेल्या राउटरला मागे बहुधा चार लॅन पोर्ट असतात, आणि इंटरनेट बंद असले तरी घरातल्या घरात ते चालतात. राउटर नसल्यास दोन यंत्रे थेट जोडता येतात. मात्र दोन्ही यंत्रे फार जुनी असतील तर साधी केबल न चालता आतल्या तारा उलटसुलट जोडलेली क्रॉसओव्हर केबल लागते. वायफायचा आग्रह येथे धरू नये. १९९९ च्या मूळ एअरपोर्ट, म्हणजे ॲपलच्या वायफाय, कार्डचा वेग कागदोपत्री ११ मेगाबिट आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, आणि खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती त्यातूनही बराच गिळतात. इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत चालत असल्याने ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंतचे अंतर हा प्रश्नच उरत नाही.

खरी गुंतागुंत प्रोटोकॉलची आहे. ॲपलने १९८० च्या दशकात स्वतःची ॲपलटॉक व्यवस्था आणि तिच्यावर एएफपी हा फाइल-प्रोटोकॉल उभा केला. पीसीच्या बाजूला आयबीएममध्ये जन्मलेला एसएमबी हा फाइल-प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने स्वीकारला. या दोहोंना परस्परांची भाषा येत नसल्यामुळे मॅक ओएस ९ च्या काळात मॅकवर डेव्ह किंवा पीसीवर पीसी मॅकलॅन यांसारखी विकतची सॉफ्टवेअरे वापरावी लागत. कोंडी फुटली ती ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू केलेल्या, विंडोजबाहेरच्या यंत्रांना एसएमबी शिकवणाऱ्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ मध्ये सांबा अंतर्भूत झाले आणि मॅक पीसीच्या नेटवर्कमध्ये दिसू लागला. विंडोज एक्सपी आणि त्या काळातील मॅक यांची जोडी म्हणूनच आजही सर्वांत कमी त्रासाची आहे: दोन्हीकडे वर्कग्रुपचे (विंडोज नेटवर्कमधील गटाचे) नाव एकच ठेवावे आणि मॅकच्या फाइंडरमधील ‘कनेक्ट टु सर्व्हर’मध्ये पीसीचा आयपी पत्ता द्यावा, इतके बहुधा पुरते.

त्यानंतर मात्र अंतर पुन्हा वाढले. विंडोज व्हिस्टाने एसएमबी २ ही नवी आवृत्ती आणली आणि मॅकने ती २०१३ च्या १०.९ आवृत्तीत प्रमुख प्रोटोकॉल केली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबी १ या जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन जगभर पसरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी १ नव्या संगणकांवर मुळातच दिला जाईनासा झाला. म्हणून केवळ एसएमबी १ जाणणारा १०.४ किंवा १०.५ चा मॅक आणि विंडोज १० चा पीसी एकाच राउटरवर असूनही एकमेकांना ओळख देत नाहीत. एसएमबी १ पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दुकानात सर्रास दिला जातो; जो पीसी बँकेच्या व्यवहारांसाठीही वापरला जातो, त्यावर तो अमलात आणू नये.

एकदाच आणि एकाच दिशेने माल हलवायचा असेल तर सर्वांत स्वस्त वाट वेबची आहे, आणि तिच्याकडे विनाकारण दुर्लक्ष होते. १९९७ च्या मॅक ओएस ८ पासून मॅकमध्ये ‘पर्सनल वेब शेअरिंग’ ही सोय होती, आणि मॅक ओएस एक्समध्येही ती १०.७ पर्यंत सेटिंगमध्ये दिसत असे. ती सुरू करून ठरावीक फोल्डरमध्ये फाइली ठेवल्या की पीसीच्या ब्राउझरमध्ये मॅकचा पत्ता टाकून त्या उतरवून घेता येतात. जुन्या मॅकच्या ब्राउझरला आजची बहुतेक सुरक्षित संकेतस्थळे उघडता येत नसली, तरी घरातल्या साध्या एचटीटीपी (सुरक्षा-कुलूप नसलेल्या) पानाला ती अडचण नसते, त्यामुळे हीच युक्ती उलट दिशेनेही वापरता येते.

फाइल पोहोचली तरी ती उघडेलच असे नाही. जुन्या मॅकवर फाइलीचे दोन भाग असतात, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. मॅकसाठीच्या पोस्टस्क्रिप्ट टाइप १ फाँटचा सगळा ऐवज दुसऱ्या भागात असतो. असा फाँट साध्या एफटीपीने (फाइली पाठवण्याच्या जुन्या प्रोटोकॉलने) पीसीवर नेला की नाव शाबूत राहते आणि आकार शून्य बाइट होतो. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेत-पद्धत येण्यापूर्वीची मराठी जुळणी फाँटवरच अवलंबून असल्याने फाँट हरवला की पत्रिकेतला मजकूर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन बसतो. यावर उपाय म्हणजे पाठवण्यापूर्वी मॅक ओएस ९ वर स्टफइट या फाइल-गठ्ठ्याच्या सॉफ्टवेअरने आणि १०.३ पासून मॅकच्याच झिप सोयीने गठ्ठा बांधणे. याने मूळ फाँट सुखरूप राहतो. पीसीवर तो वापरण्यासाठी मात्र वेगळे रूपांतर करावे लागते. फाइलीच्या नावात तारीख घालताना मॅकवर तिरकी रेघ चालते, विंडोजवर चालत नाही; आणि जुन्या मॅकला एक्स्टेन्शनची गरज नसल्याने पेजमेकर ६.५ या पानजुळणी-सॉफ्टवेअरच्या फाइलीला पीसीसाठी ‘पी६५’ हे शेपूट हाताने जोडावे लागते. नावे देवनागरीत असतील तर आणखी एक बारकावा आहे: मॅकच्या एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क ‘ऱ’ हे अक्षर र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असे सुटे करून साठवते, म्हणून मॅकवर केलेल्या झिपमधील ‘नवऱ्याकडील’ हे नाव पीसीवर दिसते सारखे, पण शोधले तर सापडत नाही.

देवाणघेवाण रोजची असेल तर तिसरे यंत्र मध्ये ठेवावे. घरातल्या टाकाऊ संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून त्यावर पीसीसाठी सांबा आणि मॅकसाठी एएफपी जाणणारे नेटाटॉक ही दोन मोफत सॉफ्टवेअरे चालवली, की मॅक एएफपीत बोलतो, पीसी एसएमबी २ किंवा ३ मध्ये, आणि दोघांना एकच फोल्डर दिसते. रिसोर्स फोर्कही नेटाटॉक सांभाळते. अगदी जुन्या, केवळ ॲपलटॉक जाणणाऱ्या मॅकसाठी नेटाटॉकची २ मालिका किंवा २०२४ ची ४.० आवृत्ती लागते, कारण ३.० मध्ये तो आधार काढला होता. मधले यंत्र म्हणून डेस्कटॉपपेक्षा बॅटरी शाबूत असलेला लॅपटॉप खानदेशात अधिक योग्य ठरतो, कारण वीज गेली तरी अर्धवट लिहिलेली फाइल बिघडत नाही. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो तेव्हा तो पत्र्याखालच्या खोलीत रात्रंदिवस चालू ठेवू नये. जुन्या हार्डडिस्कला ती उष्णता सोसत नाही. सांबाच्या २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बंद असतो, आणि या रचनेत तो केवळ एक्सपी किंवा त्याहून जुना पीसी असेल तरच उघडावा लागतो. तसे केल्यास राउटरवरून इंटरनेटची तार काढून ठेवावी.