रहस्यकथेतील पर्यावरणीय संघर्ष (सोलापूरच्या संदर्भात)

नदी, माळरान, हवा किंवा वन्यजीव यांच्यावरून पेटलेला वाद ज्या रहस्यकथेच्या मुळाशी असतो, ती पर्यावरणीय संघर्षाची रहस्यकथा. खून, धमक्या, पाठलाग तिच्यातही असतात. पण वाचकाला पुढे ओढणारा प्रश्न वेगळा असतो. पाणी नासले हे आधीपासून कोणाला ठाऊक होते, कागद कोणी दाबला आणि गप्प बसल्याने कोणाची चूल पेटत राहिली, याचा शोध इथे घ्यायचा असतो. मराठी रहस्यकथा मुख्यतः खून, मृत्युपत्र, तिजोरी आणि वेषांतर करणारा गुप्तहेर यांच्याभोवती वाढली, त्यामुळे हा विषय तिच्यात यायला हवा होता तितका आला नाही. सोलापूर जिल्ह्यात मात्र त्याची सामग्री पावलोपावली सापडते, म्हणून या नोंदीत त्याच जिल्ह्याचा आधार घेतला आहे.

या कथाविषयाचा सांगाडा एका नाटकात आधीच तयार होता. हेन्रिक इब्सेनच्या १८८२ सालच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’मध्ये गावाला पैसा मिळवून देणाऱ्या औषधी स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे एका डॉक्टरच्या लक्षात येते, आणि गावचा महापौर असलेला त्याचा सख्खा भाऊच आडवा येतो. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये हे कथानक ‘गणशत्रू’ या बंगाली चित्रपटात आणले, तेव्हा स्नानगृहांच्या जागी देवळातले तीर्थ आले. सोलापूरकराला हा बदल चटकन भिडतो. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. आषाढीला लाखो वारकरी चंद्रभागेत उतरतात, आणि त्याच नदीच्या स्वच्छतेसाठी राज्य शासनाला २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ योजना हाती घ्यावी लागली. तीर्थाबद्दल शंका काढणारा माणूस स्वतःच्या घरातच परका होतो. हा ताण कोणत्याही पाठलागापेक्षा जास्त काळ टिकतो.

पाण्यावरच्या वादाची सर्वांत बांधीव रहस्यकथा म्हणून १९७४ च्या ‘चायनाटाउन’ या चित्रपटाचे नाव घ्यावे लागते. लॉस एंजेलिस शहराने ओवेन्स खोऱ्यातून पाणी आणणारा जलमार्ग १९१३ मध्ये सुरू केला होता; त्या वादाची प्रेरणा घेऊन चित्रपटाने आपली गोष्ट १९३७ मध्ये घडवली. ऐन दुष्काळात रात्री पाणी सोडून दिले जाते, कोरड्या जमिनी कवडीमोल भावाने घेतल्या जातात आणि कागदोपत्री वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांची नावे लागतात. त्यांना त्याची गंधवार्ताही नसते.

उजनीच्या पाण्याची हकिकत याहून गुंतागुंतीची आहे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचे पाणी, आहे. म्हणून इथे धरण रिकामे होत नाही, ‘मायनसमध्ये’ जाते, आणि पावसाळ्यात ‘प्लसमध्ये’ आले की जिल्ह्याचा जीव भांड्यात पडतो. वरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी याच जलाशयात येते. खाली ऊस आहे, साखर कारखाने आहेत, आहेरवाडी-फताटेवाडीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे आणि काही दिवसांआड नळाला येणाऱ्या पाण्याची वाट बघणारे सोलापूर शहर आहे. शहरासाठी नदीत पाणी सोडले की ते वाटेतच उपसले जाऊ नये म्हणून काठावरच्या मोटारींची वीज बंद केली जाते. थरारकथेच्या लेखकाला याहून भरलेला प्रसंग कुठे मिळणार? काळोखी रात्र, पात्रात वाहते पाणी, काठावर करपणारा ऊस, आणि मोटार सुरू करावी की नाही या विचारात बसलेला शेतकरी. तो चोर आहे का? धरणाला जमीन दिलेल्या घरातला असला, तर त्याला चोर म्हणताना लेखकाची लेखणी अडखळली पाहिजे.

सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या माळावरचा माळढोक पक्षी हा या जिल्ह्यातला दुसरा आणि माझ्या मते अधिक खोल विषय. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये स्थापन झाले. पुढे सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्याखाली आले. यात शेते होती, गावे होती, रस्ते होते. जमिनीची खरेदी-विक्री अडली, बिनशेतीची प्रकरणे लोंबकळली, आणि मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकू न शकलेल्या बापाला त्या पक्ष्याचे नाव नकोसे झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. मधल्या काळात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला.

आता रहस्यकथेच्या रीतीने विचारावे: माळढोकाला कोणी संपवले? संशयित पुष्कळ आहेत. शिकारी आहे, भटकी कुत्री आहेत, विजेच्या तारा आहेत, नांगराखाली गेलेला माळ आहे. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, त्यामुळे गुरांचा एक कळपसुद्धा त्याचा वंश तुडवू शकतो. आणि एक संशयित असा आहे ज्याच्यावर वाचक शेवटपर्यंत बोट ठेवणार नाही: झाडे लावणारा. गवताळ माळाला पडीक समजून त्यावर अनेक ठिकाणी वृक्षलागवड झाली. माळढोकाला लांबवर मोकळी नजर लागते. झाडी वाढली की ती जागा त्याची राहत नाही. सत्काराचा हार गळ्यात असलेला माणूसच नकळत गुन्ह्यात सामील निघावा, अशी कलाटणी फार थोड्या रहस्यकथांना साधली आहे. इथे ती रचावी लागत नाही.

जॉन ग्रिशॅमच्या १९९२ सालच्या ‘द पेलिकन ब्रीफ’शी हे ताडून पाहण्यासारखे आहे. लुइझियानातील दलदलीत तेल काढू पाहणारा धनाढ्य, धोक्यात आलेले पेलिकन पक्षी आणि त्या खटल्यापायी झालेले दोन न्यायमूर्तींचे खून, अशी तिची मांडणी आहे. कादंबरी वेगवान आहे, पण तिच्यात पक्षी फक्त निमित्त आहे आणि दोष एका माणसाच्या अंगावर चिकटवता येतो. नान्नजला असा धनाढ्य नाही. पक्ष्याची बाजू खरी, शेतकऱ्याची बाजूही खरी. सगळे पाप एका कारखानदाराच्या किंवा वाळूमाफियाच्या माथी मारून सुटका करून घेणे ही या प्रकाराची सर्वांत मोठी खोड आहे. वाळूचोरी भीमा-सीनेच्या काठी खरीच चालते, पण त्या वाळूवर उभे राहिलेले घर कोणाचे, हे विचारल्याखेरीज ती कथा पुरी होत नाही.

उलटी बाजूही नोंदवायला हवी. मायकल क्रायटनने २००४ च्या ‘स्टेट ऑफ फिअर’मध्ये पर्यावरणवाद्यांनाच कटवाले केले आणि कादंबरीला आलेख व तळटीपा जोडल्या. हवामानशास्त्रज्ञांनी तिच्यातल्या दाव्यांवर कडक टीका केली. तरीही २००५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीने या कादंबरीकाराला साक्षीसाठी बोलावले. तळटीप दिसली की वाचक कल्पितालाही पुरावा मानू लागतो, ही जोखीम या कथाविषयाला कायम चिकटलेली आहे.

पुराव्याची अडचण हीच या कथांची खरी ताकद आहे. खुनात सुरा सापडतो. इथे पुरावा वाहून जातो. साखर कारखान्याची मळी किंवा चादरी-टॉवेलच्या डाईंगचे रंगीत पाणी रात्री ओढ्यात सोडले, तर सकाळी उरतात फक्त मेलेले मासे. पाण्यातील सेंद्रिय प्रदूषण मोजणारी बीओडी चाचणी भारतात २७ अंश सेल्सियसला तीन दिवस चालते, तोवर अधिकाऱ्याची बदली करता येते. त्याहून नाट्यमय आहे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातील कलम २१. खटल्यात वापरायच्या सांडपाण्याच्या नमुन्यासाठी कारखान्याच्या ताबेदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे भाग करायचे, भांडी सीलबंद करायची आणि त्यांवर सह्या घ्यायच्या, असे हे कलम सांगते. ही रीत पाळली नसेल तर त्या तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे ओढ्याकाठच्या शाळामास्तराने स्वतः भरून आणलेली बाटली कितीही काळी असली, तरी तिच्यावर खटला उभा राहत नाही. आणि अधिकृत नमुन्यातही बचावाच्या वकिलाला पाणी स्वच्छ होते हे सिद्ध करावे लागत नाही. नोटीस वेळेवर दिली नव्हती एवढे दाखवले तरी त्याचे भागते.