नेरूळ ते बेलापूर : सायकलच्या वाटेची पार्श्वभूमी

नवी मुंबईत नेरूळहून बेलापूरला गाड्यांपासून वेगळ्या वाटेने सायकलवर जाता येते का, या प्रश्नाची ही पार्श्वभूमी. बेलापूरचा किल्ला १७३३ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला, हा इथला जुना इतिहास. त्यानंतर सारसोळे, करावे, दारावे, शहाबाज या गावांमध्ये ये-जा असायची ती खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधांवरून. १९७० नंतर नवी मुंबई शहरासाठी जमिनी गेल्या आणि बांधांची ती वाट भरावाखाली गेली.

नव्या शहराची आखणी ‘नोड’ म्हणजे नेरूळ, बेलापूरसारखे स्वयंपूर्ण विभाग धरून झाली. शाळा, बाजार, बाग नोडमध्येच हाताशी, आणि एका नोडमधून दुसऱ्यात जायला लोकल किंवा मोठा रस्ता. १९९३ मध्ये लोकल नेरूळ, बेलापूरला पोहोचली. सायकलचा विचार मात्र नोडच्या वेशीपाशीच थांबला. नेरूळ-बेलापूरला खाडीकाठाने जोडणारा पाम बीच मार्ग सरळ, रुंद आणि कमी सिग्नलचा झाला. गाडीवाल्यांना तो आवडतो त्याच कारणाने सायकलवाल्यांना तो जिवावरचा वाटतो.

पुढचा सगळा घोळ ‘ट्रॅक’ या एका शब्दाचा आहे. रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढून सोडलेली जागा म्हणजे लेन. गाडीचे चाक तिथे येऊच शकणार नाही, अशी कठड्याने किंवा उंचवट्याने वेगळी काढलेली वाट म्हणजे ट्रॅक. घोषणांत मात्र दोन्हींना सर्रास ‘सायकल ट्रॅक’ म्हटले जाते, आणि लोक ट्रॅक समजून लेनवर उतरतात. तिथे कडेला रेती साचलेली असते, पुढचे चाक सरकते, ती चुकवायला हँडल उजवीकडे वळवले की आपण थेट भरधाव गाडीच्या पुढ्यात.

खरा ट्रॅक कुठल्या बाजूने न्यायचा, हा त्याहून अवघड प्रश्न. वसाहतीच्या बाजूला सेक्टरांचे रस्ते येऊन मिळतात, म्हणजे दर थोड्या अंतराने ब्रेक. खाडीच्या बाजूला फाटे कमी, वारा मोकळा आणि हिवाळ्यात रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) दिसतात. पण तिथे कांदळवन आहे. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला बंदी आली, आणि ती योग्यच आहे. माझ्या मते उत्तर तिसरेच आहे: आहे त्याच डांबरातून एक पदर काढून कठड्याने वेगळा करावा. भराव नको, झाडतोड नको. पण त्यासाठी गाड्यांची जागा कमी करावी लागते आणि चर्चा तिथेच अडते.

२०१८ च्या अखेरीस भाड्याच्या सायकली आल्या. ॲपवरून कुलूप उघडायचे आणि निघायचे. सायकली आधी आल्या, वाट मागे राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाम बीच मार्गावरच पहाटे एका ज्येष्ठ सायकलस्वाराला मागून आलेल्या टॅक्सीने धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. हेल्मेट घालून, मित्रांबरोबर निघालेला अनुभवी माणूस होता तो. त्यानंतर गाड्यांच्या वेगाबद्दल बोलले गेले, कठड्याबद्दल कमीच.

आज नेरूळ-बेलापूर ही वाट वाहनमुक्त म्हणायची ती फक्त घड्याळाच्या हिशेबाने. रविवारी उजाडता उजाडता दिवे लुकलुकवत निघालेले घोळके किल्ला चौकातून चहा घेऊन सातच्या आत परततात. शाळेला निघालेली मुलगी किंवा साडेनऊला ऑफिस गाठणारी बाई त्या वेळेत बसत नाही.