डब्यावर 'इंग्लिश' लिहिलंय म्हणजे नक्की काय? पाईपच्या तंबाखूची थोडी पार्श्वभूमी

भाचा ऐरोलीला राहतो, आयटीत आहे, आणि मागच्या महिन्यात अचानक नौपाड्यात आमच्या घरी येऊन म्हणतो, मामा, तुझ्याकडे तो जुना पाईप आहे ना, मला पण सुरू करायचंय, पण तंबाखू कुठली घेऊ तेच कळत नाही. मोबाईलवर सात-आठ डब्यांचे फोटो दाखवले. एकावर इंग्लिश, एकावर अ‍ॅरोमॅटिक, एकावर नेव्ही फ्लेक, एकावर बर्ली, एकावर ब्लॅक कॅव्हेंडिश. त्याला वाटत होतं या चवी आहेत, आइस्क्रीमच्या फ्लेव्हरसारख्या. मी म्हटलं अरे चवी नाहीत या, यातलं एक पान आहे, एक पद्धत आहे, एक बोटीवरची सवय आहे, आणि इंग्लिश तर चक्क एका कायद्यामुळे पडलेलं नाव आहे. म्हणून हे लिहायला घेतलं, कारण ही नावं कुठून आली ते कळलं की पहिला डबा निवडणं खरंच सोपं जातं.

आधी एक सांगून टाकतो, निकोटिन पाईपमधून आलं तरी निकोटिनच, आणि धूर आत ओढला नाही तरी तोंडाचा कॅन्सर पाईपवाल्यांनाही होतो. ज्याने अजून सुरूच केलं नाहीये त्याने न केलेलंच बरं, हे मी भाच्यालाही सांगितलं, तो ऐकतो कुठे. अठराच्या आतल्यांचा तर प्रश्नच नाही, त्यांना विकणं कायद्यानेच गुन्हा आहे.

आता आपल्याकडचं. तंबाखू हा शब्दच मुळात पोर्तुगीजांबरोबर आलाय, पान अमेरिकेतलं, आणि पोर्तुगीजांनी ते इकडे किनाऱ्यावर उतरवलं. आपलं ठाणं पण तेव्हा त्यांच्याच ताब्यात होतं, सेंट्रल जेल आहे तो किल्लासुद्धा त्यांनीच बांधायला काढलेला, मग १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. पण पाईपचा आपल्याकडचा नोंदलेला किस्सा त्याच्या खूप आधीचा, १६०४ च्या आसपासचा आहे. अकबराचा असद बेग म्हणून माणूस विजापूरला गेला होता, तिथे त्याला तंबाखू दिसली आणि तो ती एका छान जडवलेल्या नळीसकट बादशहाला भेट म्हणून घेऊन आला. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकीम मध्ये पडला की हे औषध आपल्याला माहीत नाही घेऊ नका, आणि बादशहाने पुढे काही ती सवय लावून घेतली नाही. जहांगीरने तर १६१७ मध्ये बंदीच घातली. बंदीने काय झालं ते आपल्याला माहीत आहे, हुक्का, गुडगुडी, चिलीम, नंतर विडी, मिश्री, तपकीर, सगळं इथेच फुललं. फक्त पाईप काही आपला झाला नाही. निपाणीकडे पिकते ती विडीची तंबाखू, १९८१ चं शरद जोशींचं आंदोलन ज्या तंबाखूसाठी झालं ती. ती पाईपमध्ये भरू नका, भाच्याने खरंच विचारलं होतं. व्हर्जिनिया जातीची तंबाखू आपल्याकडे आंध्र आणि कर्नाटकात होते, गुंटूरला त्यासाठी १९७६ पासून टोबॅको बोर्डही आहे, पण ती बहुतेक सिगारेटला आणि एक्स्पोर्टला जाते.

तर व्हर्जिनिया. पिवळीधमक, गोडसर, वाळलेल्या गवतासारखा वास येणारी. तिचा तो पिवळा रंग एका झोपेतून आलाय असं म्हणायला हरकत नाही. १८३९, नॉर्थ कॅरोलायना, स्लेड म्हणून मळेवाला, त्याच्याकडे स्टीफन नावाचा गुलाम, काम लोहाराचं, आणि रात्री पानं वाळवायच्या कोठारात शेकोटीवर लक्ष ठेवायचं. त्याला डोळा लागला, आग विझत आली, जाग आल्यावर घाबरून त्याने भट्टीतला पेटता कोळसा आणून टाकला, कोठार एकदम तापलं आणि पानं तपकिरी व्हायची ती लख्ख पिवळी झाली. पैसा मालकाला मिळाला हे वेगळं सांगायला नको. पुढे धूर न लागता नुसत्या गरम नळांनी पान वाळवायची पद्धत पक्की झाली. अशा झटपट वाळण्यात पानातली साखर टिकते, म्हणून ही तंबाखू गोड लागते, आणि म्हणूनच नवख्या माणसाने भसाभस ओढली की गरम होऊन जीभ पोळते. जीभ पोळली की लोक म्हणतात तंबाखू वाईट होती. तंबाखू चांगलीच होती हो, तुम्ही इंजिन चालवत होता.

बर्लीचं उलट. अमेरिकेत ओहायोमध्ये १८६४ साली रोपवाटिकेत काही रोपं फिकट, पांढरट निघाली, रोग वाटला पण लावून बघितली तर मस्त वाढली, ती व्हाइट बर्ली. हिच्यात साखर जवळजवळ नसतेच, हवेवर वाळवतात, आणि पान असं सच्छिद्र की टोस्ट चहा पितो तशी ही जे घालाल ते पिते. व्हॅनिला, चेरी, चॉकलेट, रम, काहीही. अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे असे बाहेरून वास घातलेल्या, डब्यांमध्ये अमेरिकेत हीच जास्त का असते, तर याच्यामुळे.

कॅव्हेंडिश हे पान नाहीच. ती पद्धत. पान ओलं करायचं, गोड लावायचं, वाफ द्यायची, दाबून ठेवायचं, मग कापायचं. थॉमस कॅव्हेंडिश नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने १५८५ च्या सफरीत तंबाखू साखरेत बुडवली म्हणून हे नाव अशी गोष्ट सांगतात, गोष्ट म्हणूनच घ्या. नेव्ही फ्लेकचंही तसंच, बोटीवरचे खलाशी पानं रममध्ये भिजवून दोरीने करकचून आवळून ठेवायचे आणि मग चाकूने काप काढायचे असं म्हणतात. फ्लेक म्हणजे असे दाबलेले काप, ते हाताने चुरून भरावे लागतात. नवख्याने आधी सुटी, रिबनसारखी कापलेली घ्यावी, फ्लेक नीट चुरता येईपर्यंत निम्मा डबा वाया जातो.

आता इंग्लिश, जिथून सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये कितीतरी वर्षं कायदाच असा होता की तंबाखूत गोड आणि सुगंधी द्रव्यं अशी बाहेरून मिसळायची नाहीत. मग बिचाऱ्या ब्लेंडरने, म्हणजे मिश्रण करणाऱ्याने, वास आणायचा कुठून? तर दुसऱ्या पानांतूनच. तुर्की-ग्रीक बाजूची छोट्या पानांची उन्हात वाळवलेली ओरिएंटल, आणि मुख्य म्हणजे लटाकिया. लटाकिया हे सीरियातलं बंदर, तिथल्या डोंगरातले शेतकरी पानं घराच्या आढ्याला टांगायचे आणि खालच्या चुलीच्या धुराने ती काळी व्हायची, अशी तिची जन्मकथा. लाकडाच्या धुरावरच ती बनते. वास कसा, तर आपल्या कोकणातल्या जुन्या घरात माळ्यावर चढल्यावर येतो तसा, धूर धरलेल्या वाशांचा. सीरियातली आता मिळत नाही, बाजारात येते ती सायप्रसची. आल्फ्रेड डनहिलने १९०७ मध्ये लंडनला ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं स्वतःचं मिश्रण करून द्यायचा आणि ते वहीत लिहून ठेवायचा, त्यातूनच पुढे नंबरवाले ब्लेंड जगभर गेले. तर डब्यावर इंग्लिश दिसलं की समजायचं आत लटाकिया आहे, गोड काही नाही. इंग्लंडमध्ये बनलेलं असेलच असं नाही.

एक पेरिक नावाची तंबाखू पण सांगतो, फार नाही. अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पिंपात दाबून महिनोन्महिने आंबवतात, मिरीसारखी तिखट. आपल्या लोणच्यासारखी, तोंडी लावण्यापुरती. पहिल्या डब्यात नको.

मग भाच्याने काय घ्यावं? माझं मत, बर्ली जास्त असलेलं, हलकं सुगंधी, सुटी कापलेली तंबाखू, सगळ्यात छोटं पाकीट. थंड जळते, चुका पोटात घालते. फक्त निकोटिन कमी असेल असं समजू नका, बर्लीत असतं चांगलं, उपाशीपोटी चक्कर येते. मग व्हर्जिनिया, हळू ओढायला जमलं की. इंग्लिश सगळ्यात शेवटी, कारण लटाकिया एकतर पहिल्या दिवशी आवडते नाहीतर घरातले लोक तुम्हाला बाहेर काढतात. हे काही सगळ्यांना पटणार नाही, बरेच जण थेट इंग्लिशनेच सुरू करा म्हणतात, जीभ पोळत नाही हे त्यांचं म्हणणं चुकीचं पण नाही.

आणि आपल्या हवेचं कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. सुगंधी तंबाखू ओलसर येते, भरायच्या आधी अर्धा तास कागदावर पसरून ठेवा असं सगळे सांगतात, ते युरोपात ठीक आहे, ठाण्यात जुलैत अर्ध्या तासात ती अजून ओली होते. भाच्याने व्हॅनिलावाली बर्ली मागवली आणि पहिल्यांदा भरायला माझ्याकडेच घेऊन आला. आम्ही पेपरवर पसरून फ्रिजवर ठेवली, पंखा लावला, दोन तास झाले तरी बोटाला चिकटत होती. तेवढ्यात ही देवळातून आली, दारातच थांबली आणि म्हणाली, केक कुणी केलाय?