वेल्ड की पँथर: सोपा शॅमेलिऑन नक्की कोणता?

शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा; वेल्ड आणि पँथर या त्याच्या पाळल्या जाणाऱ्या दोन जाती. पाळणाऱ्यांना विचारलं, तर बहुतेक जण सांगतात की वेल्ड सांभाळायला सोपा, पँथर जरा अवघड. हे निम्मंच खरं आहे.

वेल्ड मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाचा. डोक्यावर उंच तुरा, नर दीड-दोन फुटांचा. तिकडे पावसाचा भरवसा नाही आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक, त्यामुळे पिंजऱ्यातलं हवामान थोडं इकडेतिकडे झालं तरी तो निभावून नेतो. पँथर मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्याकडचा, दमट हवेतला. हवा सतत कोरडी राहिली की त्याची कात नीट सुटत नाही. शिवाय तो महाग. नोसी बे बेटावरचा निळा-हिरवा, अंबिलोबे भागातला लाल-निळ्या पट्ट्यांचा. पैसे मोजायचे ते या रंगांचे.

बाकीची कटकट दोघांचीही सारखीच. दोघेही सहसा वाडग्यातलं पाणी पीत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा आणि खायला द्यायच्या किड्यांवर भुरभुरवलेली कॅल्शियमची पूड नसेल, तर हाडं मऊ पडून पाय वाकतात. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवायचा. वेल्ड 'सोपा' म्हणून यातलं काहीही टळत नाही.

स्वभावात मात्र पँथर बाजी मारतो. मोठा झालेला वेल्ड नर हात दिसला की फुगतो, फुत्कारतो, चावायलाही येतो. पँथर त्या मानाने शांत, अर्थात हाताळलेलं त्यालाही आवडत नाही. झाडपाला खाण्याची सवयही वेल्डचीच, त्यामुळे पिंजऱ्यात जास्वंदीसारखी बिनविषारी झाडंच लावावीत.

खरी मेख मादीत आहे. वेल्डची मादी नर कधी पाहिला नसला तरी अंडी घालते, आणि एका खेपेला 40-50 अंडी म्हणजे काही नवल नाही. खोदायला ओलसर वाळूचं खोल भांडं नसेल, तर ती अंडी धरून ठेवते. अंडी आत अडकली की जिवावर बेततं. खायला जास्त आणि ऊब जास्त, तर अंडीही जास्त. म्हणून मोठ्या मादीला मोजकंच खायला द्यायचं आणि दिव्याची ऊबही बेताची ठेवायची. लाडाने रोज पोटभर चारणारा मालक तिचं आयुष्य कमी करतो. पँथरची मादीही नराशिवाय अंडी घालू शकते, पण तिची खेप सहसा बरीच लहान.

त्यामुळे माझ्या मते सोपेपणाचा क्रम असा: वेल्ड नर, मग पँथर नर, आणि वेल्ड मादी या दोघांच्याही बरीच मागे. सुदैवाने वेल्डच्या नर पिल्लाला जन्मापासूनच मागच्या पायाच्या टाचेवर छोटा खुंट असतो. घेतानाच तो पाहून घ्यावा. पँथरची पिल्लं ओळखायला काही महिने थांबावं लागतं.

तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन या तुलनेत आणूच नये. केनिया-टांझानियाच्या डोंगरांतल्या या प्राण्याला गार रात्री लागतात. मुंबईच्या उकाड्यात त्याचे हालच.

आणि भारतात असाल तर एवढं ध्यानात ठेवा: आपल्या रानातला सरडगुहिरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तो पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. वेल्ड आणि पँथर परदेशी असले, तरी 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. विकणारा कागदपत्रांचं नाव काढत नसेल, तर तिथून घेऊ नका.